प्रश्न सतरावा

मूळ प्रश्न कुठल्याशा थंड गावात लिहिलेला.
चार भाषांत निघाला,
मराठीतला माझ्याकडे आला,
कारण भाषांतराला पालकच हवेत
असं त्यांचं पत्र होतं, आणि मी यजुरची आई.
बाकी मी सयाजीगंजच्या बँकेत कर्जाच्या फायली बघते.

"तुमचं मूल बोट दाखवतं का?"
असं मी लिहिलं. सरळ.
मग त्यांच्या नियमानं कुणी अनोळखी माणूस
मूळ न बघता ते परत इंग्रजीत नेतो.
आठ दिवसांनी उत्तर आलं:
तुमचं मूल इतरांना दोष देतं का?

हसले मी. कँटीनमध्ये, एकटीच,
शेव-उसळीवर तरी ओतता ओतता.
मग हसू तिथंच राहिलं, वाटीत.

बोटं मला पाठ होती.
सासूबाईंचं: पोटात असताना कॉम्प्युटर फार बघितलास.
शाळेच्या मॅडमचं, नखाला गुलाबी रंग, दाराकडे वळलेलं.
आणि रावपुऱ्यातल्या डॉक्टरांचं, पेन धरलेलं:
घरात मराठी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी,
पोरगं गोंधळणार नाही तर काय?
एक भाषा ठेवा. इंग्रजी ठेवा.

ठेवली.
तीन वर्षं मी माझ्या मुलाशी
बँकेच्या पत्रासारखी बोलले.
कम हियर. सिट डाउन. गुड.
मऊ भातावर तूप घालताना
"आ कर रे राजा" ओठांपर्यंत यायचं,
मी ते गिळायची,
आणि घास त्याला द्यायची.

बुधवारी रात्री साडेनऊ. नैरोबीत सात,
गेंटमध्ये सहा, लिमात सकाळचे अकरा.
पडद्यावर नऊ चौकोन, एकात कुणाचं तरी मांजर.
वान्जिरू म्हणाली, मलाही सांगितलं होतं, किकुयू सोड.
लिमाची बाई काही बोलली नाही,
नुसता हात वर केला.
ओडिलनं चष्मा पुसला:
दोन भाषांनी ही मुलं मागे पडतात
असं आम्हाला आकड्यांत कुठं दिसलेलं नाही.
कुठंच?
कुठंच नाही.

मी कॅमेरा बंद केला.
बैठकीच्या नोंदीत लिहिलंय:
बडोद्याचं नेटवर्क गेलं.

आता मसुद्यात एक ओळ आहे.
परिच्छेद चार, उपकलम क:
पालकांना घरची भाषा सोडायला सांगू नये.
चांगली ओळ आहे. मीच मराठीत केली.
"नये" वर जरा जास्त वेळ बसले.

सतरावा प्रश्नही बदलला.
हवी ती वस्तू मूल तुम्हाला कशी कळवतं?
खाली एक चौकट, दीड ओळीची.
मी लिहिलं: माझं मनगट धरतो,
माझा हात पंख्याच्या बटणापर्यंत नेतो.
बोट माझं असतं, दाखवणं त्याचं.
मग शेवटचं वाक्य खोडलं.
तिथं माहिती मागितली होती.

रविवारी कमाटीबागेत
फुलांच्या घड्याळापाशी चाळीस मिनिटं उभा.
मोठा काटा सरकला की टाचा उचलतो,
टेकवतो, पुन्हा थांबतो.
लोक बघतात. फाल्गुनीबेन छत्री धरून,
त्याच्यावर, स्वतःवर नाही.

मी वाकले. घसा साफ केला,
जसं फोनवर परक्याशी बोलण्याआधी करतात.
"दमलास का रे राजा?
पाय दुखले असतील. बस की जरा."

त्यानं बघितलं नाही.
काटा सरकला. टाचा वर. टाचा खाली.

"गुड," तो म्हणाला.

माझाच शब्द. माझ्याच आवाजात,
शेवटाला तसाच तुटलेला.

"हो," मी म्हटलं,
आणि पुढचं मिनिट व्हायची वाट बघत राहिले.