वरचा मजला

जिग्नेशभाई ॲक्टिव्हा हळू चालवत नाही.
मागच्या सीटवर मी, मांडीवर फाईल,
फाईलमध्ये बदलीचा कागद, रेवतीचा शाळेचा दाखला,
आणि अकोल्याहून निघताना वहीतून फाडलेलं एक पान :
शाळा चालत जाण्यासारखी. लॅब वीस मिनिटांत.
रात्री आठनंतर रस्त्यावर दिवे.
शेवटचं कलम लिहून खोडलं होतं,
तरी वाचता येत होतं :
कुणी विचारू नये.

अलकापुरीत कुणी विचारलं नाही.
भाडं ऐकून मीच गप्प झाले.

मांजलपुरात एक बाई झोपाळ्यावरून म्हणाली, "केटला जण?"
दोन.
झोपाळा थांबला. "अने साहेब?"
साहेब वारले की गेले,
हे ती माझ्या गळ्याकडे बघून ठरवत होती.
म्हटलं, साहेब ठाण्यात असतात, दुसऱ्या बायकोबरोबर.
झोपाळा पुन्हा सुरू झाला.
घर मात्र तेवढ्यात
तिच्या भाच्यासाठी राखून ठेवलेलं निघालं.

गोत्रीला अंडं चालत नव्हतं.
"बाहर खा लेना, मॅडम," जिग्नेशभाई समजुतीने म्हणाला,
जणू अंडं ही सिगरेटसारखी
सुटू शकणारी सवय.

वासणा रोडला सातव्या मजल्यावर सगळं होतं.
लिफ्ट, कॅमेरे, पाहुण्यांची नोंदवही.
गॅलरीतून खाली पाहिलं, बराच वेळ.
एवढ्या मोठ्या आवारात
एकही मूल भांडत नव्हतं.

दुपारी त्याला दुसरं गिऱ्हाईक आलं.
मला त्याने कारेलीबागेत सोडलं, कडुलिंबाखाली,
जसीबेनच्या इस्त्रीच्या टपरीपाशी.
ती कोळशावर फुंकर घालत होती.
मी पान काढून वाचून दाखवलं, सहज,
जसं बसची वाट बघताना कुणालाही सांगतो आपण.
तिने एका शर्टाची कॉलर संपवली, उलटी केली,
आणि म्हणाली,
"पाणी आवे त्यारे क्यां जशो?"

हे यादीत नव्हतं.

मग मला भिंती दिसायला लागल्या.
सकाळपासून बघितलेल्यांतल्या कितीतरी
कंबरेपर्यंत नव्या रंगाच्या होत्या,
वर जुन्या.
"थोडी ओल," म्हणाला होता जिग्नेशभाई.

जसीबेनने समाला पाठवलं, मोहित्यांकडे.
रिफायनरीतून निवृत्त, बनियन, हातात पाना.
बोलणं मराठी, हेल गुजराती :
"बेसा ना, ताई."
बसायच्या आधीच दाराची चौकट दिसली.
डाव्या बाजूला पेन्सिलीच्या रेघा, पुढे नावं :
हर्षल, पिंकू, पुन्हा हर्षल.
उजव्या बाजूला नुसती सालं.
एकोणीस. चोवीस.
मधे एक पुसट, तिचं साल गेलेलं.

"खालचा मजला देत नाही मी भाड्याने," ते म्हणाले,
"तिथे आम्ही राहतो. आम्हाला सवय आहे
गाद्या उचलायची.
चोवीसला फाटकात मगर होती.
वनखात्याला फोन केला तर विचारतात, किती फुटी?
म्हटलं, तुम्ही या, तुम्ही मोजा."

मग माझ्याकडे वळले.
मी तयार होते. दोन जण. साहेब नाहीत. अंडं खातो.
"मुलीची उंची किती?"

मला नेमकी माहीत नव्हती.
मी हवेत हात धरला,
रोज जिथे तिचा भांग पाडते तिथे.
हात चोवीसच्या रेघेखाली
चार बोटं थांबला.
ते काही बोलले नाहीत.
जिन्याचा दिवा लावून दाखवला,
मग बंद केला, मग पुन्हा लावला,
बटण जरा घट्ट आहे म्हणून.

ॲडव्हान्स मोजून देत होते
तेवढ्यात जिग्नेशभाई आला, हेल्मेट डोक्यावरच,
मला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून :
"मॅडम, इधर तो पानी भरता है."

हो, म्हटलं.
लिहिलेलं आहे.