बाळी

दुकानाची पाटी अजून तीच:
मुलाणी मोटार रिवाइंडिंग, भिलवडी नाका, तासगाव.
तिच्याखाली दाराच्या काळ्या फळीवर
मी खडूनं लिहिलंय,
मणी आणि तारेचे दागीने करून मिळतील.
येता-जाता हात लागून पुसतं. परत लिहिते.
"रंगानं लिही की एकदाच," अब्बा म्हणतात.
मी म्हणते, बघू. चालतंय का ते आधी बघू.

अब्बांच्या डोळ्यांत काचबिंदू.
डॉक्टरांनी नाव सांगितलं तेव्हा
मला वाटलं, हे एखाद्या मण्याचं नाव असणार,
जुन्या, निळसर, आत बुडबुडा अडकलेल्या.
आता मोटारी इरफान भरतो.
अब्बा स्टुलावर बसून कान देतात
आणि मधेच म्हणतात, "दोन वेढं कमी पडलं तुझं."
इरफान चिडतो.
मग मोजतो.
मग गप्प बसतो.

रिळाच्या तळाला उरते ती तार माझी.
चोवीस गेज, वार्निशचा तपकिरी मुलामा,
कधी वीतभर, कधी हातभर.
बेदाण्याचा रंग आहे म्हणतात गिऱ्हाइकं.
तासगावात दुसरं काय सुचणार.

शिकवलं कुणी, असंही विचारतात.
दोन हंगाम मी रोजावर गेले होते बाळ्या खुडायला.
वेलीच्या त्या हिरव्या आकड्याला इकडं बाळी म्हणतात.
"घडाची बाळी झाली," मालक म्हणायचा,
तेव्हा तोंड कडू असायचं त्याचं:
द्राक्षं यायची तिथं नुसतं वळण आलं.
एक कुणाच्या तरी हातून राहिलेली,
मांडवाच्या तारेला साडेतीन वेढे घालून वाळलेली.
नखानं सोडवायला गेले. सुटेना.
गाठ नव्हती, डिंक नव्हता.
वेढ्याला वेढा लावून ती फक्त थांबली होती.
घरी येऊन कानातल्याची पहिली जोडी केली.
नाव शोधावं लागलं नाही.

श्रावणात उपाध्ये बाई आल्या.
सातवीला भूगोल शिकवलेल्या.
पर्समधून गोळ्यांची रिकामी डबी काढली,
त्यात काळे मणी, सत्तेचाळीस.
"वाट्या सुनेला दिल्या. हे राहिलेत.
अंगठी होईल का यांची?"
मी काही बोलले नाही, तर त्याच म्हणाल्या,
"अगं, गळ्यात होते बत्तीस वर्षं.
मला कुठं दिसले कधी? सगळ्यांना दिसायचे.
आता मला बघायचेत."

अठ्ठावीस बसले. बाकीचे डबीत परत.
काळी पोत इतकी बारीक, की पक्कड नकोच,
बोटांनीच ओढली तार.
एकाच जागी दोनदा वाकवली तर ऐकते,
तिसऱ्यांदा तुटते;
पहिली तुटली, मग मीही जरा थांबले.
चहा आला. बाईंनी बशीत ओतून घेतला.
इरफाननं ग्राइंडर बंद ठेवला, न सांगता.

झाली तशी अब्बांच्या हातात दिली.
त्यांनी अंगठा सावकाश फिरवला सगळीकडून,
एका ठिकाणी थबकले.
"टोक राहिलंय वर. आत घे.
कुणाच्या अंगाला लागाया नको."
माझ्या डोळ्यांना ते दिसलंच नव्हतं.

बाईंनी अंगठी घातली.
हात लांब धरून बघितला, जवळ आणून बघितला,
उन्हात नेऊन बघितला.
साठ रुपये झाले, शंभर दिले, उरलेले घेईनात.
आणि बाहेर पडता पडता फळीपाशी थांबल्या.
"हे काय लिहिलंयस? गी दीर्घ?"
खालचा खडू उचलला,
त्याच हातानं, त्याच बोटातल्या मण्यांसकट,
माझी दीर्घ वेलांटी पुसली
आणि ऱ्हस्व काढली.
एकच झोकदार वळण,
जवळून आलेलं, नेमकं थांबलेलं.

आता बाकीची ओळ पुसते, मी परत लिहिते.
ती वेलांटी तेवढी
रंगानं गिरवून घेतली.