हुडकलंय

जोडभावी पेठेच्या चौकीत मी लिहिलं,
"अज्ञात इसमाने ट्रंकेतील सामान अस्ताव्यस्त केले."
वाचून दाखवलं, तर सत्तम्मा येमूल म्हणाली,
चूक लिवलाव वो साहेब.
विस्कटलं न्हाई. हुडकलंय.

तंबाखूनं पिवळी झालेली बोटं
टेबलावर उघडत-मिटत होती.
चोर विस्कटतंय. उपसतंय, फेकतंय.
हुडकणारं तळापर्यंत हात घालतंय
आन् घड्या परत घालतंय.
सगळं जितल्या तितं हाय,
एका इरकलीची घडी तेवढी डावखुरी.

हवालदार बिराजदार अक्कलकोटचे.
म्हणाले, आमच्या कन्नडातला हो तो, हुडुकु.
सत्तम्माच्या घरात तेलुगू.
तिला तो भिंतीपलीकडच्या गुरुबसव्वाकडून मिळाला,
एकदा उसन्या तव्याबरोबर.
तवा परत गेला.

मी पुण्याहून बदलून आलेला.
खोडून "शोधले" लिहिलं.
शोधताव तुमी, ती म्हणाली,
घावतंय कुटं?

बरं, गेलं काय?
बोरमाळ हाय. विड्यांचे पैसे हायत.
शाळा सोडल्याचा दाखला तेवढा न्हाई,
रजिताचा.

रजिता कोण, हे मी विचारलं
आणि पंख्याचा आवाज ऐकत बसलो.

द्या तो कागद, म्हणाली शेवटी.
तक्रार न्हाई माजी.
उभ्याउभ्याच तिनं घडी घातली, उजवीकडून.
मग उलगडली,
आणि पुन्हा घातली
डावीकडून.