पारय

वेंगुर्ल्याच्या बाजारात, उसपकरांच्या दुकानी
"काय उपटूचां हा?" विचारलं त्यांनी,
वैद्य विचारतो ना कुठं दुखतं, तसं.

घाणेरी. विहिरीच्या कडेची.
माझ्या मनगटाएवढा बुंधा.

खुरपं त्यांनी बाजूला सारलं, "ह्यां लव्हाळ्याक."
टिकाव माझ्या हातात दिला,
तळवे बघितले, परत घेतला.
"तुमच्याकडे जांभो. पातां मोडतलां, मूळ हसतलां."

मग पिंपामागून ओढून काढली
छातीभर उंचीची, चपट्या टोकाची.
मी म्हटलं पहार, ते म्हणाले पारय.
"खणूचां नाय. फट सोधायची.
आत सारायची, नि मगे वजन टाकायचा. जोर नाय."
वजन? माझं ते केवढं!
"म्हणान तर लांब दिलंय."

दुपार कलेपर्यंत फट सापडत नव्हती.
सापडली तेव्हा पारय आपणहून आत गेली,
आणि मी तिच्यावर ओणवी, दोन्ही पाय अधांतरी,
शेजारची सुलभा कुंपणापाशी हसत उभी.

कट्, असा आवाज.
मूळ आलं. पुरुषभर लांब.
टोकाशी घट्ट धरलेला
विहिरीच्या काठाचा आख्खा चिरा.

उद्या पुन्हा उसपकरांकडे.
थापी दाखवा म्हणायचं.
ते विचारतीलच, काय बसवूचां हा.