शून्याची जागा

आक्राहून आलेला इंजिनिअर पोरगा
नारळाला टेकून शब्द सांगत होता,
दोत्सेकाका पातळीपट्टी धरून गुडघाभर पाण्यात,
आणि मी मधे,
त्याच्या इंग्रजीचं एवे करायला.

फेच म्हणजे
उघड्या समुद्रावर वाऱ्याला मिळालेली धाव.
इथे ती अख्खा अटलांटिक.
काकाने मान हलवली, यात नवीन काय?

लक्षणीय लाटउंची:
सगळ्यांत उंच अशा एक तृतीयांश लाटा घ्यायच्या,
त्यांची सरासरी काढायची.
बाकीच्या?
बाकीच्या धरत नाहीत.
हे मी काकाला सांगितलं नाही.
आमच्या सेनानूची होडी
बाकीच्यांपैकीच एकीने उलथवली होती,
भर दुपारी, हाकेच्या अंतरावर.

ग्रॉयनला भाषांतर लागलं नाही.
काळ्या दगडांची ती सोंड समोरच होती.
पश्चिमेला वाळू साचून पोरांचं फुटबॉलचं मैदान झालेलं,
पूर्वेला एन्योनामच्या चुलीपर्यंत जमीन कुरतडलेली.
वाळू नवी येत नाही, पोरगा म्हणाला,
या खिशातली त्या खिशात जाते.
"मग आमचाच खिसा फाटका,"
धुरातले मासे उलटत एन्योनाम म्हणाली.

पन्नास वर्षांची लाट
पन्नास वर्षांनीच येते असं नाही;
दरवर्षी, पन्नासात एक शक्यता.
गेल्या जूनमध्ये आली होती.
ऑगस्टमध्ये परत.
"तिला आकडे येत नसतील," कुणीतरी बोललं,
सगळे हसले. पोरगाही.

मग त्याने जुना नकाशा उलगडला.
पातळीचं शून्य: चॅपलची तिसरी पायरी, पितळी खिळा.
सगळं तिथून मोजायचं,
लाट किती वर, गाव किती खाली,
भिंत केवढी हवी.
चॅपल कुठे आहे?

काकाने पट्टी डाव्या हातात घेतली
आणि उजव्याने समुद्र दाखवला.
त्या निळ्या होडीच्या पलीकडे,
पाणी जरा अडखळून फुटतं ना, तिथे.
बाप्तिस्मा झाल्यावर त्याला
त्याच पायरीवर बसवलं होतं,
खिळा टोचला म्हणून तो रडला होता,
असं आजी सांगायची.

पोरगा बघत राहिला.
पेन्सिल कानामागे, वही कोरी.
"धर तशीच," शेवटी म्हणाला, "आहेस तिथेच उभा राहा."

मी शब्द पोचवला.
काका हलला नाही.
लाट परतताना
त्याच्या टाचांखालची वाळू तेवढी
निघून गेली.