सहावी वायर

जिन्याखालच्या कपाटात आठ निळ्या वायरी,
रबर लावून बांधलेल्या,
कोथिंबिरीच्या जुडीसारख्या.
मगदूमांनी जाताना बोअरचा स्टार्टर समजावला,
कुठल्या नळाला थेट पाइपलाइनचं पाणी येतं तेही.
याचं विचारलं तर म्हणाले,
"ते सन्मतीचं काम. मला काय ठावं न्हाई."
सन्मती जर्मनीत. फोन उचलत नाही.

शाहूपुरीतनं टोनर आणला भाड्यानं.
एक टोक इथं चिमटायचं
आणि कांडी फिरवत भिंतीभिंतीला कान द्यायचा.
बायको म्हणाली, "डॉक्टर, पेशंट वाचेल का?"

प्रत्येक वायरीवर चिकटपट्टी, पट्टीवर पेन्सिलीनं एक अक्षर.
'हॉ' हॉलमध्ये किरकिरली, टीव्हीमागं.
'मा' माडीवर.
'दे' चक्क देवघरात.
इथं सन्मतीची आई प्रवचनं ऐकत असणार,
समईच्या तेलाचे डाग सॉकेटपर्यंत आलेत.
'टा' टाकीपाशी, कॅमेऱ्याच्या रिकाम्या खुंटीला.
पाचवी मेलेली. उंदीर, नाहीतर फरशीवाला.

सहावीवर 'शि'.
शिडी? शिलाई मशीन?
घरभर हिंडलो, कांडी मुकी.
वैतागून अंगणात आलो, तर जास्वंदीमागं,
कंपाउंडच्या भिंतीत, रातकिडा.

भिंतीपलीकडं शिकलगार.
रेहानाभाभी दारातच हसल्या.
"ते व्हय? लॉकडाऊनला शाळा मोबाईलवर हुती न्हवं,
आमच्यात रेंजच न्हवती.
सन्मतीनं एका दुपारी भोक पाडलं.
मगदूमसाहेबांस्नी म्हैन्यानं कळलं. म्हटले,
पाडलंसच तर शिमीट तरी नीट लाव की रं."
पोरगी आता मिरजेला नर्सिंगला.
"काढून टाका, आता काय उपेग न्हाई."

परत येऊन बघितलं.
शिमीट काही नीट लावलेलं नाही.
वरच्या कडेला अंगठ्याचा ठसा.

रात्री क्रिंपर घेऊन बसलो.
पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी,
पांढरी-निळी, हिरवी, मग तपकिरी जोडी.
दोनदा चुकलो, दोन पिना वाया.
सातवी-आठवीचा पत्ता नाहीच.
सहावी उगाच स्विचात घालून बघितली.
दिवा लागला नाही,
पलीकडं काही जोडलेलंच नाही तर लागेल कसा.

तशीच राहू दिली.
पट्टीवरचा 'शि' पुसट झालेला,
त्यावरून पेन्सिल फिरवली.