भाव नाही

जुन्या जालन्यात, कुंडलिकेच्या पुलावरून खाली उतरलं
की डाव्या हाताला मुनीरभाईचं भंगार.
तिथं मी वही लिहितो.

लोखंड अठ्ठावीस. पत्रा एकवीस.
रद्दी बारा, पुठ्ठा आठ.
बाटल्या चेपून आणाव्या लागतात.
फुगलेल्या आणल्या तर मुनीरभाई म्हणतो,
हवा परत घेऊन जा.

लोखंडाचं मला कौतुक आहे.
मोडकी सायकल, कुणाच्या पाळण्याची कडी,
बोअरमधून उपसलेला गंजका पाइप,
दुपारी टेम्पोत बसून एमआयडीसीला जातात,
भट्टीत उतरतात
आणि सळई होऊन बाहेर येतात.
रात्री गच्चीवरून त्या बाजूचं आभाळ तांबूस दिसतं.
सकाळी वाळत घातलेल्या सदऱ्यावर काजळी असते,
तिच्यासाठी वहीत रकाना नाही.

मेच्या अखेरीला ठिबकच्या नळ्या येतात,
वाळल्या मोसंबीच्या बुडातून ओढून काढलेल्या.
भोकाभोकात माती.
ती झटकूनच काट्यावर ठेवायची.
मातीचे पैसे आम्ही देत नाही.

अन्साबाई रोज साडेअकराला येते.
पोतं उलटं करते, निवडते,
आणि तळाशी दरवेळी तेच उरतं:
चिप्सच्या पुड्या, शाम्पूच्या पुड्या,
बियाण्याची फाटकी पाकिटं,
बाहेरून रंग, आतून चांदी.
"ह्याचं काय येतं?"
"भाव नाही, अन्साबाई."
"चांदी तर हाय की."
मग ती हसायची, मी हसायचो.
चार वर्षं हा एकच विनोद पुरला आम्हाला.

भाव नाही ते ती पुलाच्या कडेला ओतायची.
तिथं सगळेच ओततात.
घंटागाडी गेल्यावर जागी होणारी माणसं,
ओल्याचा हिरवा, सुक्याचा निळा, असे दोन डबे
दारात नीट मांडून
दोन्हींत तसलीच गाठ मारलेली पिशवी टाकणारी माणसं.
वेडी बाभूळ काट्यांत ते धरून ठेवते.
नदीला पाणी आलं तर खाली जातं.
पाणी बहुतेक येत नाही.

पोळ्याच्या आधीचा मंगळवार.
अन्साबाई दुकान उघडायच्या आधीच उभी होती.
पोतं नव्हतं. घमेलं होतं, वर फडकं.
तिची भुरी शेळी, भिंगरी,
आठ दिवस चारा टाकून बसलेली,
पोट नगाऱ्यासारखं.
रात्री गेली.
शेजारच्या कासमनं पोट उघडून दाखवलं होतं.

"जोख," म्हणाली.

फडकं मीच उचललं.
एकमेकांत पीळ बसलेला हिरवट गोळा,
आंबलेला वास.
त्यात एका पुडीवरची अक्षरं अजून वाचता येत होती,
किंमत पाच रुपये, सर्व करांसहित.

"जोख की. आता तरी भाव हाय का बघ."

मुनीरभाई काही न बोलता आत निघून गेला.
मी जोखलं.
सवयीनं घमेल्याचं वजन वजा केलं.
एक किलो नऊशे.
नाव लिहिलं, वजन लिहिलं,
पुढच्या रकान्यावर पेन टेकवून बसलो
तोवर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला.
मान वर केली तर ती गेली होती,
घमेलं काट्यावरच.

संध्याकाळी घरी आई चहा टाकत होती.
दुधाची पिशवी खिळ्याला अडकवलेली,
तिचा कापलेला कोपरा कुठं दिसेना.
नखाएवढा, निळा.
ओट्याखाली बघितलं.
केरसुणी उलटी करून झटकली.
"काय हरवलं रे?"
सांगितलं असतं तर हसली असती.
मोरीची जाळी काढून
मी कोपरापर्यंत हात आत घातला.